चालू करू नका

द्वारका चौकात उज्वलाचं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. नवीन एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, आली की विंडोज टाकण्याआधी तिचा वेग तपासायचा, हा तिचा नियम. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

फुलाबाई सिन्नरकडच्या एका गावातून जीपने आल्या होत्या. पन्नाशीच्या, मेथी-कोथिंबिरीचा मळा करणाऱ्या. पिशवीत नवऱ्याचा, लहानूंचा, लॅपटॉप. ते गावातल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे. त्यांना जाऊन सात महिने झाले होते.

"लय हळू चालतंय. मधीच अडकतंय," फुलाबाई म्हणाल्या. "पण यातलं समदं नव्यात आलं पाहिजे, ताई."

"येईल, मावशी." आत काय आहे, ते उज्वलाने विचारलं नाही. सगळेच असं म्हणतात.

जुनी हार्डडिस्क फार दिवसांची सोबती नाही, हे तिला लगेच कळलं. ती काढून ठेवली आणि नव्या एसएसडीची तपासणी लावली. सुरुवातीला वेग सेकंदाला पाचशे एमबी. साठ जीबी लिहून झाले आणि तो धाडकन बारावर आला. लिहिलेलं परत वाचायला घेतलं, तर साठच्या पुढे काहीच नव्हतं. वर स्टिकर पाचशे जीबीचं, आत मात्र बनावट माल.

"बघितलं ते बरं झालं, मावशी. यात तुमचं सगळं भरलं असतं आणि निम्मं गेलं असतं."

व्यापारी दुसरी एसएसडी परवा देणार होता. उज्वलाने लॅपटॉप दुकानात ठेवायला सांगितला, पण फुलाबाई तयार होईनात. शेवटी तिने जुनी डिस्क परत बसवून दिली.

"चालू करू नका हं. कोणत्याही क्षणी बंद पडेल."

फुलाबाईंनी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या. लॅपटॉप मांडीवर.

"कटकट आवाज येतोय आतून," त्या म्हणाल्या. "म्या चालू केला, ताई."

"का पण? सांगितलं होतं ना?"

"त्यांच्या घशाचं आप्रेशन व्हायचं व्हतं. डॉक्टर बोलले, मंग बोलता येणार नाय. तर त्याच्या आदल्या दिशी त्यांनी यात बोलून ठेवलं. मला हाका मारल्या, मोटर बंद कर म्हणून वरडले, हसले. रोज सांजच्याला ऐकायची मी. दोन दिस नाय राहवलं."

उज्वलाने डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला लावली. कटकट, आणि शांतता. मग बिघडलेल्या डिस्कमधलं परत काढून देणाऱ्या पुण्याच्या लॅबला पाठवली. आठवड्याने उत्तर आलं की आतल्या तबकडीवर ओरखडे पडलेत, काही निघणार नाही.

फुलाबाई उत्तर ऐकायला आल्या. उज्वलाने ते एका दमात सांगून टाकलं. मग म्हणाली, "चूक माझी आहे, मावशी. त्याच दिवशी मी आधी सगळं माझ्या मशीनवर उतरवून घ्यायला हवं होतं. पाऊण तास लागला असता. मी नवीन एसएसडी तपासत बसले. आत काय आहे एवढंही विचारलं नाही."

"इचारलं असतं तरी सांगितलं नसतं. मेलेल्या माणसाच्या हाका ऐकत बसती म्हणून लोक हसत्यात."

उज्वलाने चहा मागवला. फुलाबाईंनी तो घेतला नाही.

"फोनवर त्यांचा आवाज? कुणाकडे एखादा व्हिडिओ?" उज्वलाने विचारलं.

"नाय. फोटू हायेत. फोटूत तोंड मिटलेलंच हाय."

लॅबमधून परत आलेली डिस्क काउंटरवर होती. फुलाबाईंनी ती उचलून पदराच्या टोकात बांधली.

"तुमी एकदा त्यांचा आवाज ऐकला असता तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "दोघींना ठाऊक असता."

फुलाबाई लॅपटॉप न घेताच पायऱ्या उतरल्या आणि सिन्नरची जीप बघायला रस्त्याकडे निघाल्या.