संकिसाला उतरायचं

मित्रांनो, माझ्यावर बसण्याआधी माझा तिसरा पाय पुरता उघडला आहे ना, एवढे बघा. मी घडीचे जुने स्टूल आहे. माझी दुसरी काही अट नाही.

माझा जन्म दिल्लीच्या करोल बागेत, मोटारींच्या सीटकव्हरच्या दुकानात झाला. त्या वर्षांत रस्त्यावर सारख्या नव्या मोटारी येत होत्या आणि दुकानदाराला मान वर करायला फुरसत नव्हती. एका संध्याकाळी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे बबनराव तिथे आले.

"गाडी कौनसी है, भाईसाहब?"

"गाडी नहीं है. पत्नी पैदल जाएगी. रास्ते में बैठने को कुछ चाहिए."

दुकानदाराने मशीन थांबवले. "कहाँ तक पैदल?"

"संकिसा. अलीगढ के आगे, एटा के भी आगे."

"और घुटने?"

"घुटने ठीक होते तो आपके पास क्यों आता?"

शेजारच्या वेल्डरने पाईपचे तीन पाय जोडून दिले. बसायला मारुतीच्या मागच्या सीटचे उरलेले करडे रेग्झिन मिळाले. मी असे मोटारीच्या कापडाचे, पण पायी जाण्यासाठी जन्मले.

बबनरावांच्या पत्नीचे नाव कौसल्या. तिचे माहेर वर्ध्याकडचे. तिची आई गेली तेव्हा दिल्लीहून निघालेली गाडी उशिरा पोचली आणि तिला आईचे तोंड दिसले नाही. त्यानंतर तिने संकिसाचे नाव काढले. बुद्ध आपल्या गेलेल्या आईला धम्म सांगायला वर स्वर्गात गेला आणि जिन्याने संकिसाला खाली आला, अशी कथा आहे. आश्विनी पौर्णिमेला तिथे लोक जमतात.

"स्वर्गबिर्ग काही नसतं, कौसल्या," बबनराव म्हणत.

"मला कुठं स्वर्गात जायचंय? तो जिथं उतरला तिथं जायचंय."

"मग रेल्वेनं जा."

"रेल्वेनं एकदा गेले होते. उशीर झाला."

त्यावर बबनराव नकाशा घेऊन आले.

माझी सवय व्हावी म्हणून ती रोज पहाटे मला घेऊन निघे. थोडे चालणे, मग माझ्यावर बसणे. तिच्या गुडघ्यांना चढ चालत असे, उतार चालत नसे. पुलावर ती सरळ चढे आणि खेकड्यासारखी आडवी उतरे. शेजारच्या विजयाबाई गॅलरीतून म्हणत, "कौसल्याताई, बुद्धाला जिना होता. तुमचं काय?"

"माझं स्टूल आहे," ती म्हणे. मित्रांनो, माझ्या वाट्याला आलेली ही पहिली शाबासकी.

तिची मुलगी उन्नती गुडगावच्या एका नव्या परदेशी कंपनीत लागली होती. तिने आईला डॉक्टरकडे नेले. डॉक्टरांनी लांब चालायला साफ मनाई केली. घरी येऊन उन्नतीने तेच पुन्हा इंग्रजीत सांगितले आणि विषय संपवला. पण रात्रीच्या जेवणानंतर नकाशा उघडलेलाच असे आणि कौसल्या त्यावर बोट फिरवत म्हणे, "पहिल्या दिवशी शाहदऱ्याला उतरायचं, कांबळ्यांकडे. मग गाझियाबादला उतरायचं, विहारात. मग दादरीला." उन्नतीने हे ऐकले आणि तिचा चेहरा सैल झाला. "रोज थोडं थोडं. हे बिल्कुल ठीक आहे," ती म्हणाली. आईने मानले, असे तिला वाटले. मुलीने मानले, असे आईला वाटले.

निघायच्या सकाळी उन्नती खालून वर आली. "चलो, ऑटो उभी आहे. बस अड्ड्यावर सोडते तुम्हाला."

"बस अड्ड्यावर कशाला?"

"बस कुठून पकडणार मग?"

"कसली बस?"

"तूच म्हणालीस, आई. शाहदऱ्याला उतरायचं, गाझियाबादला उतरायचं. उतरायचं कशातून? बसमधूनच ना?"

कौसल्या तिच्याकडे बघत राहिली. "उतरायचं म्हणजे राहायचं, बाई. मुक्काम करायचा."

"मग मुक्काम म्हणायचं ना, यार."

"यार कोणाला म्हणतेस?"

बबनरावांना इतके हसू आले की ते माझ्यावरच बसले. कौसल्या हसली नाही. "मी चालत जाणार आहे, उन्नती. तू हो म्हणालीस म्हणून मला बरं वाटलं होतं."

खाली ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. उन्नतीने पिशव्या उचलल्या, खाली नेऊन ऑटोत ठेवल्या आणि बबनरावांना पिशव्यांसोबत शाहदऱ्याला पाठवून दिले. मग वर येऊन मला खांद्याला अडकवले. "चल," ती आईला म्हणाली. "पण मी सांगेन तेव्हा बसायचं."

त्या वर्षी गुडघ्यांनी खुर्जापर्यंत साथ दिली. पुढल्या आश्विनात दोघी बसने खुर्जाला गेल्या आणि थांबल्या होत्या तिथूनच चालू लागल्या. मग अलीगढ, मग एटा. रस्त्यावरचे चहावाले मला 'अम्मा की कुर्सी' म्हणत. ती माझी कामाची वर्षे.

बबनराव निवृत्त झाले. क्वार्टर सोडावे लागले. यमुनेपलीकडे वैशालीत नव्या इमारती उठत होत्या. बुद्धाच्या काळच्या नगराचे नाव बघून त्यांनी तिथेच फ्लॅट घेतला. नाव बुद्धाच्या वैशालीचे, पण जिना ठेकेदाराचा होता. वरचा मजला, लिफ्ट नाही. कौसल्याला चढता येई, उतरता येत नसे. काही दिवस ती प्रत्येक वळणावर माझ्यावर बसून खाली गेली. मग तिने खाली जाणे सोडले. एटाच्या पुढची वाट राहून गेली. "पुढच्या वर्षी," ती म्हणे, आणि उन्नतीही म्हणे.

माझ्यावर आधी वर्तमानपत्रे आली, मग गॅलरीत मनीप्लांटची कुंडी. कुंडीचे पाणी पाझरून माझा तिसरा पाय गंजला.

एका हिवाळ्यात कौसल्या गेली. ज्या जिन्याने तिला उतरता येत नव्हते, त्याच जिन्याने चौघांनी तिला खाली नेले. मी गॅलरीत होते, मला फक्त पावले ऐकू आली.

आश्विन जवळ आला तेव्हा उन्नतीने कुंडी उचलून बाजूला ठेवली. माझा पाय घासला, बिजागरीत तेल सोडले. ती एटाला गेली आणि तिथून चालू लागली. तिचे गुडघे चांगले होते, तरी ती आईइतके अंतर झाले की मला उघडायची. बसायची नाही. थोडे थांबून मला मिटायची आणि पुढे निघायची.

संकिसाला पौर्णिमेची गर्दी होती. सोंड तुटलेला दगडी हत्ती होता आणि जुन्या विटांचे टेकाड. टेकाडाच्या पायथ्याशी तिने मला उघडले. नागपूरकडून आलेली एक म्हातारी गुडघे धरून उभी होती. उन्नतीने तिला हात देऊन बसवले. म्हातारीने श्वास घेतला आणि इकडच्या तिकडच्या गप्पांना सुरुवात करावी तसे विचारले, "कुठं उतरलीस, बाई?"

उन्नतीला शब्द नीट कळला. "अजून कुठंच नाही," ती म्हणाली.

"मग आमच्यासंगं चल. जागा आहे."

मित्रांनो, मला गंज लागू देऊ नका, हे मी सांगणारच आहे. पण त्याआधी एक सांगते. तुमच्या घरात कोणाचे गुडघे दुखत असतील आणि त्यांना लांब जायचे असेल, तर 'जाऊ नका' म्हणण्याआधी 'कुठे उतरणार?' एवढे विचारा. आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच भाषेत ऐका.