थडग्यात गेलेली किल्ली

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण तुमच्या शाळेत असतो तसा नव्हे. मला पडदा नाही, कळफलक नाही. पत्र्याची एक चपटी पेटी, आत दोन पंखे आणि समोर एक हिरवा दिवा, एवढंच माझं रूप. मकास्सर शहरातल्या एका थंडगार खोलीत, माझ्यासारख्याच पेट्यांच्या रांगेत माझं आयुष्य गेलं. माझी माणसं मात्र दूर, तोराजाच्या डोंगरात राहत. तिथूनच ती तारेवाटे माझ्या दाराशी येत, ओळख पटवत आणि आत येऊन काम करत.

माझे मालक पालिंबोंग गुरुजी. तोराजात माणूस गेला की पुरुष हातात हात गुंफून रिंगण धरतात आणि त्या माणसाचं सारं आयुष्य गाऊन सांगतात. त्या गाण्याला बादोंग म्हणतात. गुरुजी रिंगणात पहिला सूर लावत. जुनी कडवी विसरली जाऊ नयेत म्हणून गावोगावच्या अंत्यविधींत ती ध्वनिमुद्रित करून ते माझ्याकडे ठेवत. म्हाताऱ्या गायकांनी त्यांना एकच अट घातली होती: "घरात कोणी गेलेलं नसताना हे गाणं वाजता कामा नये. परक्याच्या हाती लागू देऊ नकोस."

गुरुजींनी तो शब्द पाळला. मित्रांनो, माझ्या दारावर जगभरातले चोर दिवसभर थापा मारत आणि परवलीचे शब्द ओळखू पाहत. म्हणून गुरुजींनी शब्द सांगून आत येण्याची सोयच बंद केली. त्यांनी आपल्या लॅपटॉपमध्ये एक किल्ली घडवली. ती लोखंडाची नव्हती, लांबलचक अक्षरांची होती. तिची जोडीदार त्यांनी माझ्याकडे दिली. दाराशी येणाऱ्याकडे खरी किल्ली आहे की नाही, हे मी त्या जोडीवरून ओळखायचो. आत गाण्यांच्या कपाटाला आणखी एक कुलूप होतं. मी चालू असेपर्यंत ते उघडं राही. मी बंद पडलो की ते आपोआप लागे, आणि ते उघडणारा शब्द फक्त गुरुजींच्या डोक्यात होता.

त्यांची मुलगी येस्ती सुराबायाला शिकत होती. "सुट्टीत ये, तुझीही किल्ली करून देतो," ते तिला म्हणाले होते. तिच्यासाठी दारामागे त्यांनी स्वागताची एक ओळही लिहून ठेवली. दार उघडलं की ती आपोआप दिसणार होती.

सुट्टी लागण्याआधीच गुरुजींचा श्वास थांबला.

डोंगरात मोठा अंत्यविधी होईपर्यंत गेलेल्या माणसाला गेलेला म्हणत नाहीत. तो आजारी आहे, एवढंच म्हणतात. त्याला घरातच निजवतात, त्याच्यासमोर जेवण ठेवतात. गुरुजीही तसेच निजून होते आणि लॅपटॉप उशाशी होता. येस्तीने एकदा हात पुढे केला.

"ठेव तो!" आई म्हणाली. "बाबा झोपलेत. न विचारता त्यांची वस्तू घेतेस?"

"अगं, आतलं एकच काम आहे."

"मग बरे झाले की विचार."

येस्तीने हात मागे घेतला. पुढे रेडे कापले गेले, पाहुणे जमले, रिंगण झालं, आणि कड्यातल्या दगडी थडग्यात गुरुजींना ठेवताना आईने आपल्या हातांनी लॅपटॉप त्यांच्या शेजारी ठेवला. "तिकडे काय रिकामा बसेल तो? दोन दिवसांत सगळ्यांशी भांडेल," ती म्हणाली. रडतारडता सगळे हसले.

मग एके दिवशी आई येस्तीला म्हणाली, "मी गेले की रिंगणात पहिला सूर त्याच्याच साठवलेल्या आवाजातला हवा. तेवढं कर."

त्यानंतर येस्ती माझ्या दाराशी येऊ लागली. आधी स्वतःच्या मॅकवरून, मग मावसभावाच्या विंडोजवरून. आपल्याच यंत्रात खोट असेल असं वाटून तिने मित्राचा लिनक्सचा संगणकही मागून आणला. मित्रांनो, कोण कुठल्या यंत्रावरून येतो याने मला काहीच फरक पडत नसे. किल्ली असली की दार उघडायचं, नसली की नाही. दरवेळी ती गुरुजींच्याच नावाने येई आणि दरवेळी मी म्हणे, "परवानगी नाही." तिच्यासाठीची ओळ माझ्या पोटात होती, पण ती दाखवता येत नव्हती.

तिने आमच्या खोलीच्या राखणदाराला, दाएंग तायांगना फोन केला.

"काका, तुम्ही त्याच्यासमोरच उभे आहात ना? उघडा की!"

"पोरी, माझ्यासमोर पेटी आहे, दार नाही. बंद करून खटपट केली तर आतलं कपाट लागेल, मग ते देवालाही उघडायचं नाही. मी याला जागता ठेवतो. तू किल्ली शोध."

किल्ली कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. ती गावच्या वडीलधाऱ्या सारिरा आजोबांकडे गेली.

"थडगं 'मानेने'च्या विधीतच, गेलेल्यांना नवे कपडे घालतात तेव्हाच उघडतं," ते म्हणाले. "कापणी होऊ दे, गावाची पाळी येऊ दे. तेव्हा बापाला नवे कपडे घाल आणि हवं ते घे."

"तोवर फार उशीर होईल, आजोबा."

"तुझ्या त्या पेटीच्या दाराला नियम आहे ना? आमच्याही दाराला आहे."

येस्ती घरी परतली. आम्ही वाट पाहिली. दाएंग माझ्या जाळीवरची धूळ फुंकत आणि "झोपू नकोस रे बाबा," म्हणत. मी झोपलो नाही. भाताची दोन पिकं आली आणि गेली. तिसरं पिवळं पडत असताना शहराची वीज गेली. वीज नसताना मला जागं ठेवणारी बॅटरी म्हातारी झाली होती, थोडा वेळ टिकली आणि संपली. माझा हिरवा दिवा विझला.

वीज आल्यावर मी उठलो, पण कपाट लागलं होतं.

कापणीनंतर थडगं उघडलं. येस्तीने बाबांना नवा सदरा घातला आणि लॅपटॉप उचलला. तो सुरू झाला नाही, पण दुरुस्तीवाल्याने आतली तबकडी काढून किल्ली वाचली. येस्ती आईला शेजारी बसवून माझ्या दाराशी आली. या वेळी मी दार उघडलं.

आधी तिने कपाट पाहिलं. तिथे परवलीचा शब्द मागितला जात होता. तिने बाबांचं गाव टाकलं, आजीचं नाव टाकलं, स्वतःचं नाव टाकलं. मग तिने हात खाली घेतले.

"मिळालं का गाणं?" आईने विचारलं.

"नाही गं."

"मग वर ते काय लिहिलंय?"

दार उघडताच आलेली ती ओळ येस्तीने घाईत वाचलीच नव्हती. आता ती सावकाश वाचू लागली. "आलीस? भात खाल्लास का?"

आईने पदराच्या टोकाने डोळे पुसले. "जन्मभर हेच विचारलं त्याने. दुसरं काही सुचायचंच नाही. अगं, उत्तर दे की, ताटकळत काय ठेवतेस?"

येस्तीने लिहिलं, "खाल्ला, बाबा."

मला ठराविक हुकूमच समजतात, मित्रांनो. मी म्हणालो, "असा हुकूम सापडला नाही."

आता मी डोंगरात, येस्तीच्या घरी फळीवर असतो. माझा दिवा लागत नाही. दारं मजबूत ठेवा, मुलांनो, चोरांना आत घेऊ नका. पण आपल्या माणसाची किल्ली त्याला आजच द्या. सुट्टीची वाट पाहू नका.