आकडा उलटा वाचायचा

सत्तेचाळीस म्हणताना आपण सात आधी म्हणतो, लिहिताना मात्र चार आधी. पक्षाघाताने बाबांची वाचा गेली, आणि पाटीवर ते आकडे म्हणायच्या क्रमाने लिहू लागले. सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर! हे ओळखलं मीच. माझं पोटच त्यावर चालतं. काही यंत्रं आकड्याचे बाइट, म्हणजे त्याचे तुकडे, एका टोकाकडून मांडतात, काही दुसऱ्या टोकाकडून. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, ते सुलटे करणं हे माझं काम. मोठ्या ऐटीत मी घरात फर्मान काढलं: बाबांचा आकडा उलटा वाचायचा.

बाबांना पुस्तक पेलवत नाही. ते पाटीवर पान लिहितात, आई ते उघडून समोर धरते. सुरुवातीला छान चाललं. मग ते समोर धरलेलं पुस्तक हाताच्या फटक्याने उडवू लागले. एकदा आईच्या मनगटाला लागलं.

"त्यांना आता काही कळत नाही," दादा म्हणाला. "आईने किती सोसायचं? रविवारी शुश्रूषागृहात नेऊ."

मला संताप आला. पण दिवसभर घरी आई असते, मी नाही.

ऑफिसात तेव्हा नव्या नेटवर्क कार्डाने डोकं उठवलं होतं. येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटाची लांबी भलतीच दिसायची. प्रोग्रॅममधली बाइट उलटवणारी माझी ओळ मी दहादा तपासली. ओळीत खोट नव्हती. शेवटी शेजारचे पंतोजी, म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अगं, हे कार्ड आकडा सुलटाच देतंय. दुखणं गेलं, तुझं औषध तेवढं चालू आहे."

ओळ काढली. पाकिटं सुरळीत येऊ लागली. पंतोजी चहाला चल म्हणाले, पण मला बाबांची पाटी आठवली होती. मी तडक घर गाठलं.

दादा बाबांचे कपडे बॅगेत भरत होता. पाटीवर ६३ लिहिलेलं. आईने सवयीने छत्तिसावं पान उघडलं, तसा बाबांचा हात उठला. मी पुस्तक ओढून घेतलं आणि त्रेसष्टावं पान समोर धरलं.

हात तिथेच थांबला. मग हळूच पानावर टेकला, आणि बोट ओळीवरून सरकू लागलं.

आईने पाटी हातात घेतली. "अहो, म्हणजे तुम्ही बरोबरच लिहीत होता?"

बाबांनी मान डोलावली. दादाला बॅगेकडे बघवेना. शुश्रूषागृहाचं सगळं बोलणं आम्ही बाबांच्या उशाशी बसूनच केलं होतं.