मी कापलेले थांबे

मी एक सॉफ्टवेअर आहे. नाव सांगून उपयोग नाही, आता मला कुणी ओळखत नाही. तुम्ही बोललेलं वाक्य मी पडद्यावर मांडतो. वर वाक्याची रचना, म्हणजे कोणता शब्द कोणाशी बांधलेला आहे ते, आणि खाली आवाजाची रेघ. रचनेप्रमाणे आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, कुठे थांबतो, हे मी दाखवतो. माणसं काय बोलतात याच्याशी मला देणंघेणं नाही. तसं मला कुणी शिकवलंच नाही.

एका प्रयोगशाळेत, खिडकी कधीच न उघडणाऱ्या खोलीत माझा जन्म झाला. मला घडवलं एका संशोधक बाईंनी. नमुन्यासाठी आवाज हवा होता, म्हणून त्यांनी आपल्या आईलाच माइकसमोर बसवलं. आईने चाळीस वर्षं कपडे शिवले, आणि तेही ओठांत टाचण्या धरून बोलत. टाचण्या सुटल्या, सवय सुटली नाही. अर्ध्या वाक्यात ती थांबायची, टाचणी काढून कापडाला लावावी तशी, आणि मग पुढचं बोलायची.

"अगं, तू आज... जेवलीस का?"

"आई, सलग बोल ना. सरळ."

"सरळच तर... बोलतेय. तुझंच यंत्र वाकडं असेल."

विभागाच्या सरांनी ती रेघ पाहून नाक मुरडलं. जिथे वाक्य तुटत नाही तिथे आवाजही तुटत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक छपाईला निघालं होतं. "मॅडम, आपल्याला आई नकोय, स्वच्छ नमुना हवाय," ते म्हणाले.

बाईंनी मान डोलावली आणि मला नियम घालून दिला: रचनेत न बसणारा थांबा ही चूक, ती काढून टाक. मी पडलो सांगकाम्या. एका दुपारी चारशे बारा थांबे कापले. मूळ ध्वनिफिती जागा अडवतात म्हणून बाईंनीच पुसल्या. सर खूश झाले. मीही फुशारलो होतो, सांगायला लाज वाटते.

दोन वर्षांनी आई गेली. आठवड्याभराने बाई कामावर आल्या, दार लावून घेतलं आणि मला उघडलं. हेडफोनमध्ये आवाज आला, "अगं तू आज जेवलीस का?" सलग, गुळगुळीत, स्टेशनवरच्या घोषणेसारखा.

"ही माझी आई नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्यावरच ओरडल्या, "कुठे टाकलंस रे तिला?"

नियम कुणाचा होता? पुसलं कुणी? पण वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय! सरांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

नंतर बाईंनी स्वतःच्या हाताने थांबे परत घालून पाहिले, इथे थोडा, तिथे थोडा. नुसती रिकामी जागा ऐकू आली. त्या थांब्यांत आईचा श्वास होता, आणि तोही मी कापला होता.

त्यानंतर त्यांनी मला उघडलं नाही. माझ्या जागी नवं सॉफ्टवेअर आलंय, आणि ऐकतो की नियम तोच ठेवलाय. तुम्ही ते वापरणार असाल तर हात जोडून सांगतो, कापण्याआधी एकदा ऐका. माझा शेवटचा अहवाल या जुन्या संगणकात तसाच पडून आहे. वर आईचं वाक्य, खाली अखंड रेघ, आणि कोपऱ्यात मीच लिहिलेलं: चुका शून्य.