करंगळीला पट्टी

बंदुका दुरुस्त करणाऱ्या सासऱ्यांचा एकच कायदा होता: बंदूक हातात आली की घेणाऱ्याने ती उघडून, आत काडतूस नाही ना, हे बघायचं. देणाऱ्याने डोळ्यांदेखत बघितली असली, तरीही. चुकला तो दुकानाबाहेर! वीस वर्षांच्या कारागिराला त्यांनी यापायी नारळ दिला होता. सख्ख्या मुलालाही सोडलं नाही; तो आता रंगाचं दुकान चालवतो, सुखात आहे.

आता पाळी सुनेची. उमेदवारीचे तीन महिने आज संपत होते. निभावलं, तर ती कायमची कारागीर. पण बाई भलती चौकस! महिनाभर तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. पूर्वी बाबा बंदूक उघडून नळीत नुसतं डोकवायचे. हल्ली आत करंगळी घालून चाचपतात. का?

"बाबा, करंगळी कशाला हो?"

"कामाकडे बघ. नळी भिंतीकडे, बोट चापाबाहेर."

"दोन्ही आहे. पण करंगळी?"

"भोचक भवानी!" बाबा म्हणाले. आज तर करंगळीला कानस लागून पट्टी बांधलेली होती.

दुपारी तिने एका दुनळीचा चाप बसवला, उघडून बघितली, मिटली आणि बाबांना दिली. त्यांनी ती घेतली. न उघडताच भिंतीकडे धरली आणि चापाकडे बोट नेलं.

"थांबा!" ती ओरडलीच. "आधी उघडा."

"तू बघितलीस की."

"मी बघितली. तुम्ही कुठे बघितली?"

बाबांनी दुनळी उघडून उजेडाकडे धरली. त्यांची नजर नळ्यांच्या बाजूने भलतीकडेच गेली.

"बाबा, तुम्हाला दिसतंय ना?"

"करंगळीला विचारून चाललं होतं गं," ते हळूच म्हणाले. "आज तिलाच पट्टी."

कशाला विचारत बसलो, असं तिला झालं. "जाऊ दे ना बाबा. कुणाला कळणारे?"

"मला कळलं ना? पोराला सोडलं नाही, मग मी कोण लागून गेलो?" त्यांनी दुनळी खाली ठेवली, एप्रन सोडला आणि तिच्यापुढे धरला.

तिने तो रडत रडत घेतला. आणि घेतल्याबरोबर, सवयच ती, आधी दोन्ही खिसे उलटे करून बघितले.

खिसे उलटल्याचा आवाज बाबांनी बरोबर ओळखला.

"बस जा माझ्या खुर्चीवर," ते म्हणाले.