लाइट गेली होती, असं सांग

ऐका मित्रांनो, नुसतं ऐका, मधी कुणी बोलू नका, न्हाईतर माझं सांगायचं राहून जाईल. मी एक जुना लॅपटॉप हाय. एक कोपरा चेपलेला, बॅटरी फुगलेली. आमच्या वर्षाराणीची माय कावेरीबाई मला बघून म्हणायची, "वर्षे, ह्यो गाभण देवणी गाईगत फुगलाय, एखाद्या दिवशी व्याईल."

पण आधी मी अंगदचा होतो. अंगद भोकरचा, पुण्यात एका गुंतवणूक कंपनीत लागलेला. खोक्यातून काढल्यावर त्यानं मला सदऱ्याच्या बाहीनं पुसलं होतं, ते अजून ध्यानात हाय. त्याची कंपनी लोकांचा पैसा शेअरात लावायची आन् दर तिमाहीला त्यांना अहवाल धाडायची, की बाबांनो, तुमचा फंड बाजाराच्या पुढं हाय का मागं. अंगदनं माझ्यावर बसून त्या अहवालाचा साचाच बनवला. आकडे टाकले की पानं तयार. साहेबलोकांनी लई कौतुक केलं. अंगद टीम लीडर झाला, त्याला नवा लॅपटॉप मिळाला, आन् मी कपाटात गेलो. लई दिवस अंधारात काढले मित्रांनो.

मग वर्षाराणी लागली, लातूरची. तिचं नाव अंगदनंच सुचवलं, मुलाखतीची तयारी पण त्यानंच फोनवर करून घेतली. ती त्याला दादा म्हणायची. तिला घरून काम मिळालं आन् मला तिच्याकडं धाडलं. ती मला खिडकीच्या उन्हातून उचलून आत ठेवायची, मऊ फडक्यानं एकेक बटण पुसायची.

आता खरी गोष्ट ऐका. एका शिक्षणसंस्थेतल्या मास्तर-शिपायांच्या निवृत्तीच्या पैशाचा अहवाल जायचा होता. त्याच दुपारी त्यांच्या ट्रस्टची बैठक होती, उरलेला सगळा पैसा ह्याच फंडात टाकायचा का ते ठरवायला. अंगदनं अहवाल तपासून मंजूर केला होता. वर्षाराणीला एकच परिच्छेद लिहायचा होता, की फंड बाजाराच्या पुढं कशामुळं गेला.

आन् तिला कारणच सापडंना. एकेक शेअर उघडून बघितला, कुठलाच एवढा पळालेला न्हाई. तिची बोटं थांबली, मग सुसाट सुटली. बघा, बाजाराच्या इंडेक्सचे दोन आकडे असतात. एक डिव्हिडंड, म्हंजी कंपन्या वाटतात तो नफा, धरून, एक न धरता. फंडाचा आकडा धरून होता आन् त्याच्यासमोर इंडेक्स लावला होता न धरलेला, म्हंजी कमी दिसणारा. साच्यातच तसा बसलेला. तिनं बरोबरचा लावला, तर फंड पुढं न्हाईच, मागं होता.

तिनं अंगदला फोन लावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, मागचे सगळे अहवाल असेच गेले असतील, आता तोंड उघडलं तर माझ्यावर येईल, पुढच्या तिमाहीला गुपचूप बदलू. ती म्हणाली, पण बैठक आज हाय दादा.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, वायफाय गेलं. आतून कावेरीबाई म्हणाली, "गेली का? आता तरी दम खा बाई जरा."

अंगदला फोनवर ते ऐकू गेलं. तो एकदम मऊ आवाजात म्हणाला, "बरं झालं. तू काही करू नको. मंजूर झालेला मी हितून धाडतो. कोणी इचारलं तर लाइट गेली होती, असं सांग. लातूरचं लाइटचं कोणाला खोटं वाटणार हाय?"

"लॅपटॉप चालू हाय, दादा."

"मीच वापरलाय तो. आत्ता मरंल बघ."

त्याचं खरं होतं मित्रांनो. माझ्यात जीव उरलाच नव्हता. वर्षाराणीनं मोबाइलचं नेट जोडलं आन् अंगदच्या वरच्या बबिता मॅडमला लिहिलं, की अहवाल थांबवा, इंडेक्स चुकलाय, सुधारलेला जोडलाय. बोट बटणावर आलं आन् तिथंच राहिलं.

"वर्षा," अंगद म्हणाला, "तुझं नाव मी दिलं होतं."

माझी बॅटरीची खूण लाल झाली, पडदा मंद झाला. मी विझलो असतो तर तिला कोणी बोललं नसतं. अंगद पण वाचला असता. मी तग धरला. तिनं बटण दाबलं. फाइल हळूहळू चढत होती, मी नुसता पंखा फिरवत जळत होतो. गेली. मगच मी विझलो.

मॅडमनी अहवाल थांबवला. खरा अहवाल ट्रस्टला गेला आन् त्यांनी पैसा टाकायचं लांबणीवर टाकलं. अंगदची टीम त्याच्याकडून काढली. वर्षाराणी अजून तेच काम करती, नव्या लॅपटॉपवर. पण दादाचा फोन येत न्हाई.

मी फळीवर असतो. ती येता-जाता मला पुसती, कधी कधी पुसता पुसता थांबती. मित्रांनो, जुन्या वस्तूला जपत जा, तिच्या शेवटच्या दमावर कोणाचं काय टेकलेलं असंल, सांगता येत न्हाई. आन् एवढं सांगा. मला एकानं बाहीनं पुसलं होतं, एकीनं फडक्यानं. माझ्या जागी तुम्ही असता, तर त्या टायमाला विझला असता का?