पाव बांधायचा रुमाल

मी एक रुमाल बोलतोय. खिशात कोंबून नाक पुसायला वापरतात त्यातला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. मी चांगला सव्वा हात लांब-रुंद आहे आणि दर रविवारी प्रभुभोजनाचा, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून खायचा पाव माझ्यात बांधून चर्चला नेतात. एवढं मोठं काम अंगावर असल्यावर थोडा ताठा यायचाच. धुऊन धुऊन मी आता इतका विरलोय, की उजेडात धरलं तर पलीकडचं माणूस दिसतं. ताठा मात्र काही विरलेला नाही.

जन्म अगदी साधा. मी मूळचा मैद्याच्या सुती पोत्याचा तुकडा. बेकरीच्या मालकिणीने एका बऱ्याशा रिकाम्या पोत्याला कात्री लावली, चारी कडा दुमडून शिवल्या आणि मला उकळत्या पाण्यात घातलं. तिला दोन मुलं. थोरला मुलगा नऊ वर्षांचा, आणि धाकटी जेमतेम तीन वर्षांची. दोघं तिला आई म्हणायची, म्हणून मीही आईच म्हणतो.

पहिल्याच आठवड्यात थोरल्याने भट्टीतून काढलेला तापलेला साचा माझ्यावर ठेवला. मदत करायची हौस भारी! धूर निघाला आणि माझ्या कोपऱ्याला बोटभर भोक पडलं. पोरगं रडकुंडीला आलं. आईने मला वर धरलं, त्या भोकातून त्याच्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. मग तिने मागून ठिगळ लावलं आणि वरून तांबड्या दोऱ्याने क्रूस भरला. बघणारे म्हणायचे, किती सुरेख क्रूस काढलाय! त्याच्याखाली काय आहे, हे आईला, थोरल्याला आणि मलाच ठाऊक होतं.

वर्षं सरली. थोरला भट्टी सांभाळू लागला, धाकटी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. तिला मुलगी झाली त्याच आठवड्यात इकडे आईने अंथरूण धरलं. मी तिच्या उशाशीच होतो. माझी उसवलेली कड शिवायला तिने मला जवळ घेतलं होतं. ती थोरल्याला म्हणाली, "तिला कळवू नकोस हं. ओली बाळंतीण आहे, तशीच उठून येईल." थोरल्याने मान हलवली. दहाव्या दिवशी आई गेली, आणि मगच त्याने बहिणीला निरोप धाडला.

धाकटी तान्ह्या लेकीला पोटाशी धरून आली ती थेट मातीलाच. सगळ्या लोकांसमोर भावाला म्हणाली, "तुझ्या भट्टीला जेवढी आच लागते तेवढी तुझ्या काळजाला लागत नाही. आजपासून मला भाऊ नाही." थोरला खाली मान घालून उभा राहिला.

वर्षभरात धाकटीच्या नवऱ्याची बदली नेमकी याच गावात झाली. वेदीवरचे कपडे धुणं हे आईचं जुनं काम. पाळकांनी ते तिला दिलं. म्हणजे बघा, पाव बांधणार भाऊ, रुमाल धुणार बहीण आणि मध्ये हेलपाटे घालणार मी आणि चर्चचा म्हातारा घंटावाला. दोघांचं बोलणं बंद, तरी आठवड्यातून एकदा दोघांचेही हात माझ्यावरून फिरायचे. घंटावाला कुरकुरायचा, "माझे गुडघे गेले या दोन घरांच्या पायी. एकदा समोरासमोर भेटा की, मी सुटेन तरी!" पण ऐकतो कोण?

या चर्चमध्ये एक रीत आहे. कुणाबद्दल मनात अढी असेल तर माणूस पाव घ्यायला वेदीपाशी येत नाही, बाकावरच बसून राहतो. कोणी अडवत नाही, कोणी विचारत नाही. ज्याचं त्याला कळतं. सगळे रांगेने पुढे यायचे तेव्हा दोघंच मागे राहायचे. शेवटच्या बाकाच्या डाव्या टोकाला थोरला, उजव्या टोकाला धाकटी. पाळक सांगायचे, आपलं आयुष्य म्हणजे प्रभूकडे चालत जाणं. मी वेदीवरून मोजायचो. शेवटच्या बाकापासून इथवर बावीस पावलं होती. प्रार्थना करत पीठ मळणारा हा माणूस, त्याला स्वतःचाच पाव सात वर्षं तोंडात घालता आला नाही. तो कधी येणार, ही एकच काळजी मला लागून राहिली होती.

मग एका शनिवारी दुपारी धाकटी मला इस्त्री करत होती. तिची लेक सहज म्हणाली, "आई, आजी कशी होती गं?" धाकटीचा हात थांबला, आणि इस्त्रीही माझ्यावर तशीच थांबली. वास आला तेव्हा ती भानावर आली. माझ्या दुसऱ्या कोपऱ्यात चांगलं मोठं भोक पडलं होतं. तिने इस्त्री बाजूला ठेवली, पायांत चपला सरकवल्या आणि घंटावाल्याची वाट न बघता मला घेऊन स्वतःच निघाली.

बेकरीत गिऱ्हाईक नव्हतं. थोरला साचे पुसत होता. तिला दारात बघून त्याने हातातला साचा खाली ठेवला.

"जळला," ती म्हणाली. "मुद्दाम नाही जाळला."

"मुद्दाम जाळलास असं कोण म्हणतंय?"

"तू म्हणशील. आईच्या हातचा होता."

त्याने मला हातात घेतलं, भोक बघितलं आणि चक्क हसायला लागला. धाकटीचे डोळे भरले. "हसतोस काय?"

"अगं, हा क्रूस उलटा करून बघ ना. ते ठिगळ उचल जरा."

तिने नखाने कड उचलली. आत करपलेली काळी किनार तशीच होती.

"हा माझा पराक्रम," तो म्हणाला. "आई एक शब्द बोलली नाही. सुई घेतली आणि बसली."

धाकटी त्या किनारीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "पोरगी विचारत होती, आजी कशी होती. शेवटचं मला काहीच सांगता येईना, दादा."

दादा! सात वर्षांनी तो शब्द त्या दुकानात आला. थोरला स्टुलावर बसला.

"तुला कळवू नको, असं आईच म्हणाली होती. ओली बाळंतीण उठून येईल म्हणून."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कारण हे अर्धंच आहे. त्यानंतर ती नऊ दिवस होती. शेवटी शेवटी सारखी दाराकडे बघायची. तुझी वाट बघतेय, हे मला कळत होतं गं. पण वाटायचं, तू आलीस की ती जाईल. म्हणून तिच्या शब्दाआड लपून बसलो. चूक माझीच आहे, धाकटे. मला माफ कर."

धाकटी ओक्साबोक्शी रडली. जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून माझ्यातच तिने डोळे पुसले आणि नाकही पुसलं. सुरुवातीला मी काय म्हणालो होतो ते विसरा.

"मी सगळ्यांसमोर तुला नाही नाही ते बोलले," ती म्हणाली. "तूही मला माफ कर." मग नाक ओढून तिने विचारलं, "आईचा दोऱ्याचा डबा कुठाय?"

डबा फळीवरच होता. तिने मला धुतलं, भट्टीच्या उबेवर सुकवलं आणि मागून ठिगळ लावून दुसरा क्रूस भरायला घेतला. ती टाके घालत होती आणि तो त्या नऊ दिवसांतला एकेक दिवस तिला सांगत होता. आईने काय खाल्लं, कशाला हसली, कोणती प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणायची. मध्येच दोघं रडायचे, मध्येच हसायचे. नववा दिवस संपला तेव्हा क्रूस पुरा झाला होता. आईच्या क्रुसापेक्षा तो थोडा वाकडा आहे, पण मला दोन्ही सारखेच.

दुसऱ्या दिवशी वेदीवरून मी बघत होतो. रांग संपत आली. शेवटच्या बाकाच्या दोन टोकांवरून दोघं उठले आणि बरोबरीने पुढे आले. बावीस पावलं. पाळकांनी पाव मोडून थोरल्याच्या हातावर ठेवला. त्याने तो तोंडात घातला, डोळे मिटले, आणि मग कपाळाला आठ्या घालून बहिणीच्या कानात पुटपुटला, "मीठ कमी झालंय."

"गप्प! आधी आमेन म्हण."

उपासना संपल्यावर त्याने पाळकांना गाठलंच. "हे किती दिवस असं आहे?"

"सात वर्षं," पाळक म्हणाले.

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही स्वतः येऊन चाखाल, म्हणून थांबलो होतो."

आता घंटावाला सुटलाय. दर शनिवारी धाकटी स्वतःच मला घेऊन बेकरीत जाते आणि तासभर काही उठत नाही. माझे फार दिवस राहिले नाहीत. वेदीवरचं जुनं कापड फेकत नाहीत, चर्चच्या आवारात पुरतात. मलाही तिथेच जागा मिळेल. त्याचं मला दुःख नाही. तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्याही बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोणी बसलं असेल, तर रुमाल जळायची वाट बघू नका.

पावात मीठ आता बरोबर असतं म्हणे. मला चव कळत नाही. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाची ऊब तेवढी माझ्या वाट्याला येते, आणि ती मला पुरते.